कॅमेऱ्यातून पुसलेला ऊस

आमच्या वस्तीवर कॅमेरे लावले ते चोरांसाठी नाही, बिबट्यासाठी. आणि लावले कुणी, तर मीच. हे मिरवायला सांगत नाही. पुढं जे झालं त्यातली चूक कुणाची, ते आधीच सांगितलेलं बरं.

माझी शाळा सातवीपर्यंत. पण गावात दूध संकलन केंद्र सुरू झालं तेव्हा कॉम्प्युटरपुढं बसायला बाई पाहिजे होती, आणि दुसरी कुणी तयार होईना, म्हणून मी बसले. फॅट मशीनची वायर कुठं जाते, प्रिंटर कागद का चावतो, पडदा निळा पडला की काय करायचं, हे सगळं मी बिघडवत बिघडवत शिकले. केंद्रात नवा कॉम्प्युटर आला तेव्हा जुना भंगारात निघाला होता. तो मी घरी आणला. आमचे हे म्हणाले, "चला, म्हातारपणी हिला सोबत झाली. आता माझ्या डोक्याचा ताप कमी."

वस्तीवर आम्ही दोघंच. घराच्या पश्चिमेला अंगण, मग बांध, बांधावर एक कडुनिंब, आणि बांधाच्या पलीकडं थेट रस्त्यापर्यंत ऊस. बिबट्याला आमच्याकडं वाघच म्हणतात. प्रवरेच्या काठानं ऊस वाढत गेला तसा हा उसातच राहायला आला. ह्याची पिल्लं उसात जन्मतात आणि उसात मोठी होतात. डोंगर त्यांनी पाहिलेलाही नसतो.

गेल्या थंडीत आधी आमचं कुत्रं गेलं. आठ दिवसांनी शेळीची पाट, वर्षाची पिल्ली, गेली, गोठ्यातून, दावं तसंच ठेवून. वनरक्षक म्हणून आमच्या भागात एक मुलगी आहे, माझ्या लेकीच्या वयाची. मोटारसायकलवर आली, उकिडवी बसून जमीन बघितली आणि म्हणाली, "मावशी, ठसा नीट उठलेला नाही. तरसही असू शकतं. मला एक फोटो द्या, मी लगेच पिंजऱ्यासाठी लिहिते."

"आता त्याला फोटोला उभा करू का मी?" असं मी म्हणाले खरी, पण दुसऱ्या दिवशी संगमनेरच्या बसमध्ये बसले.

दुकानदाराला सांगितलं, दोन कॅमेरे द्या आणि घरच्या कॉम्प्युटरमध्ये बसेल असं काहीतरी द्या. तो हसायला लागला. "आजी, कॉम्प्युटरवर आता कोण रेकॉर्डिंग करतं? त्याचा वेगळा डबा मिळतो, तो न्या."

"डबे माझ्याकडं रगड आहेत. कॉम्प्युटर आहे घरात, त्याला काम नको का?"

मग त्यानं मागच्या फडताळातून एक जुनं कार्ड काढलं. कॅमेऱ्याच्या वायरी पाठीमागून ह्या कार्डात घालायच्या आणि कार्ड कॉम्प्युटरच्या पोटात बसवायचं. "बसवायला माणूस पाठवू का?" तो म्हणाला. मी म्हटलं, "माणूस तुमच्यासमोर उभा आहे."

घरी येऊन पेटी उघडली तर आत पालीची अंडी आणि बोटभर धूळ. रंगाच्या ब्रशनं सगळं झाडलं, कार्डाच्या पिवळ्या दातांवर खोडरबर घासला आणि ते खाचेत दाबून बसवलं. एक कॅमेरा गोठ्यावर, दुसरा पश्चिमेच्या भिंतीवर. भिंतीवरच्यातून अंगण, बांध, कडुनिंब आणि उसाची समोरची कड असं सगळं दिसायला पाहिजे होतं. दिसलं काय, तर काळा पडदा. दोन दिवस मी त्या काळ्या पडद्यापुढं बसले. दुकानदाराला पाच वेळा फोन केला. शेवटी चष्मा पुसून वायरीचं टोकच उन्हात धरलं, तर बाहेरच्या जाळीची एक तार, केसाएवढी, वाकून मधल्या तारेला टेकलेली. ती सुईनं बाजूला केली आणि पडद्यावर ऊस उभा राहिला. काळापांढरा, जरा थरथरता. आमचे हे मागं येऊन म्हणाले, "आपलाच ऊस हाय ना हा? असा का दिसतोय?"

मलाही तो ओळखीचा वाटला नव्हता. 

चौथ्या दिवशी सकाळी रेकॉर्डिंग बघताना गोठ्याच्या भिंतीशी एक शेपूट दिसली. अंग नाही, तोंड नाही. लांब, जड शेपूट, टोकाला वर वळलेली. मी वनरक्षकीणबाईला बोलावून दाखवली. तिनं बघितली आणि मग पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "मावशी, ह्यावर साल तर किती जुनं पडलंय. साहेब म्हणतील कुठून तरी आणलंय."

खरंच होतं ते. आमच्याकडं मोटारींसाठी थ्री फेज लाईट येण्याआधी सगळी लाईट थोडा वेळ जाते. ती आली की पंचक्रोशीतल्या मोटारी ऑटोवर असल्यामुळं एकदम सुरू होतात आणि घरातला दिवा पणतीएवढा होतो. त्या धक्क्यानं माझा कॉम्प्युटर रोज बंद पडायचा. आतला गोल सेल मेलेला, म्हणून उठला की त्याला आजची तारीख आठवायची नाही. माझी शेपूट अशी तारखेपायी वाया गेली. मी सेल बदलला, तारीख घातली, कॉम्प्युटरला दूध केंद्राकडची जुनी बॅटरी जोडली, की धक्का बसू नये.

मग तिसरं दुखणं निघालं, उसाच्या पाल्याचं. काही हललं तरच रेकॉर्डिंग करायचं असं त्या कार्डाचं काम. आणि ऊस कधी हलत नाही सांगा? वारा सुटला की रात्रभर पाला हलायचा आणि रात्रभर रेकॉर्डिंग व्हायचं. तीन दिवसांत हार्डडिस्क भरायची आणि मागचं पुसून टाकायची. सकाळी मी बसायची आणि तासन् तास नुसता पाला बघायची. डोळ्यांतून पाणी यायचं.

दुकानदार फोनवर म्हणाला, "आजी, सेटिंगमध्ये चित्रावर चौकटी दिसतात बघा. जिथली हालचाल नको तिथल्या चौकटी पुसून टाका."

दिसल्या. सगळ्या चित्रावर बारीक लाल चौकटी. मी माऊस धरला आणि ऊस होता तेवढ्या भागावरून फिरवला, वर-खाली, वर-खाली, भुई सारवतात तसा. चौकटी गेल्या. बांधाच्याही थोड्या पुसल्या गेल्या, पण म्हटलं असू दे. उसात काय बघायचंय? त्याला यायचं तर अंगणातच येईल की.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग एवढंसं. एक मांजर, आमचे हे तांब्या घेऊन जाताना, संपलं. तिसऱ्या दिवशी तेच. अकरा दिवस तेच. गावात जो भेटेल तो विचारायचा, "काय आजी, दिसला का?" आणि मी सांगायची, "गेला तो. माझ्या कॅमेऱ्यात अकरा दिवस काही नाही." दूध केंद्रातल्या माझ्या आकड्याला गावानं कधी नाही म्हटलं नव्हतं. ह्यालाही म्हटलं नाही.

बाराव्या दिवशी कारखान्याची तोड आली.

ऊसतोडीची टोळी जामखेडच्या बाजूची. रस्त्याकडेला त्यांनी राहायला पाचटाच्या कोप्या टाकल्या. त्यांच्यात एक पोरसवदा बाई होती, तिच्याजवळ सात-आठ महिन्यांची मुलगी. पाणी न्यायला आली तेव्हा दारातच थांबून तिनं विचारलं, "आजी, वाघ हाय म्हनत्यात तुमच्या उसात?"

"होता. आता न्हाई."

"तुमाला कसं ठावं?"

मी तिला आत बोलावलं, पडदा दाखवला. तिनं डोकं वाकडं करून बघितलं. "हे तुमी केलंय?" म्हणाली. मला काय, बरं वाटलं. मीच म्हटलं, "रस्त्याकडं ऊन हाय आन ट्रॅक्टरची धूळ. पोरीची झोळी ह्या कडुनिंबाला बांध. सावली बी हाय, आन मला पडद्यावर दिसती. मी बघते तिच्याकडं."

तिनं झोळी बांधली. जाताना दोनदा मागं वळून बघितलं. मला नाही, झाडाला.

ऊस रस्त्याकडून तोडत आणतात. रोज सकाळी मोकळं रान वाढलेलं असायचं आणि ऊस आमच्याकडं सरकलेला. हे ज्याच्या शेतात ऊस आहे त्या प्रत्येकाला माहीत असतं, की तोड जशी पुढं येते तसं उसातलं सगळं जितराब मागं मागं सरकतं. ससा, मुंगूस, रानमांजर, सगळं शेवटच्या पट्टीत गोळा होतं. कोयतेवाले शेवटच्या पट्टीला गप्पा बंद करतात. आमची शेवटची पट्टी बांधाला लागून येणार होती. कडुनिंबापाशी.

पहिल्या दिवशी ससे पळाले, पोरांनी आरडाओरडा केला. दुसऱ्या दिवशी काहीच पळालं नाही. टोळीचं एक तांबडं कुत्रं होतं, ते तोडीच्या मागं मागं यायचं. दुसऱ्या दुपारपासून ते कोपीपाशीच बसलं. बगळे कोयत्यांच्या मागून किडे वेचत फिरायचे, पण उरलेल्या उसाच्या कडेला एकही बगळा उतरेना. आमचे हे म्हणाले, "गाय चारा खाईना गं. नुसती कान लावून उभी हाय."

"उसाचं वाढं लई खाल्लं आसंल," मी म्हटलं.

ती बाई दिवसातून तीनदा पोरीला पाजायला यायची. मधल्या एका सरीतून, ऊस बाजूला सारत, थेट कडुनिंबापाशी निघायची. दुपारी मी तिला सकाळचं रेकॉर्डिंग बघून सांगायची, पोरगी किती वेळा उठली, किती वेळा पाय बाहेर काढला. तिला त्याची गंमत वाटायची. म्हणायची, "माझ्या लेकीचा शिनिमाच केला की आजी तुमी."

तिसऱ्या दिवशी पंधरा-वीस पावलं रुंदीची पट्टी उरली होती. टोळी दुपारची जेवायला रस्त्याकडं बसली होती. मी तिला सांगायला म्हणून सकाळचं रेकॉर्डिंग लावलं. झोळी हलली, थांबली. मग ती बाई आली. मी बघितलं आणि थांबवलं, मागं घेतलं, परत लावलं.

ती उसातून बाहेर आलीच नव्हती. नव्हतीच आणि एकदम बांध ओलांडून झाडापाशी उभी. हातात कोयता, डोक्याला फडकं, पदराला पाचट चिकटलेलं. पण उसातून निघताना ती चित्रात नव्हती. कालचं लावलं. कालही तसंच. परवाही. तीन दिवस ती बाई रोज तीनदा त्या उसातून बाहेर आली होती, आणि माझ्या मशीननं तिला एकदाही उसातून येताना पाहिलं नव्हतं.

 मीच पुसलं होतं ते. अकरा दिवस उसात काही नाही असं मी गावाला सांगत होते, आणि उसाकडं बघू नको असं मशीनला मीच सांगून ठेवलं होतं.

मी सेटिंग उघडलं.  सगळ्या चौकटी परत भरल्या, उसावरच्या, बांधावरच्या, एकूण एक. आणि पडद्याकडं बघत बसले. भर दुपार होती, वारा अजिबात नव्हता. झोळी स्थिर. पाल्याचं पातं हलत नव्हतं.

कोपऱ्यात लाल ठिपका लागला. म्हणजे रेकॉर्डिंग सुरू झालं.

अंगणात कुणी नव्हतं. झोळी हलत नव्हती. मी उसाकडं बघितलं. पट्टीच्या मधल्या सरीतले शेंडे हलत होते. सगळे नाही, एकापुढचा एक. सरीला पाणी सोडल्यावर ते पुढं पुढं येतं तसे शेंडे बांधाकडं हलत येत होते, सावकाश. कडेपाशी येऊन ते थांबले. झाडापासून फार तर चार पावलांवर. ठिपका विझला.

आमचे हे ओट्यावर ताट घेऊन बसले होते. मी म्हटलं, "आहो, ताट ठेवा आन घमेलं वाजवा."

"का गं?"

"वाजवा म्हनते ना."

माझा आवाज ऐकून त्यांनी ताट ठेवलं. उलथनं घेऊन घमेलं बडवायला लागले. मी अंगणातून चालत गेले. पळायचं नाही आणि वाकायचं नाही, हे वनरक्षकीणबाईनं सांगितलेलं होतं. मोठ्यानं बोलत गेले, काय बोलले देव जाणे. बहुतेक पोरीलाच काहीतरी. उसाकडं तोंड ठेवून झोळीपाशी आले. तिथं वास येत होता. मांजरीनं घर केलेल्या माळ्यावर येतो तसा, पण जाड. दोरी सोडवायला वेळ नव्हता. झोळीचं कापड दोरीतून ओढलं, त्यासकट पोर उचलली, दोरी तशीच राहिली, आणि मागं मागं पावलं टाकत ओट्यावर आले.

घमेल्याचा आवाज ऐकून ती बाई रस्त्याकडून निघाली होती, नेहमीच्या सरीकडं. मी ओरडले, "उसातून येऊ नको. तिकडून फिरून ये, रस्त्यानं."

ती आली तेव्हा तिला धाप लागली होती. "काय चावलं का वो तिला?"

"काही न्हाई चावलं. बस. पाज तिला आधी."

पाजता पाजता मी तिला सगळं सांगितलं. चौकटी म्हणजे काय तेही सांगितलं, पडद्यावर दाखवून. काही लपवलं नाही. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी तुमी उसाकडं बगतच न्हवता."

"न्हाई गं."

"आन मी तिकडं बिनघोर तोडीत हुते."

ती ओरडली नाही, ह्याचंच मला जास्त लागलं.

टोळीचा मुकादम आला. त्याला मी शेंडे हललेले दाखवले. तो म्हणाला, "आजी, पाला हलला म्हनून तोड थांबवायची व्हय? जनावर कुठं दिसतंय ह्यात? आर्ध्या तासात पट्टी संपतीया. ट्रॅक्टर खोळंबलाय."

"तुझी नात बांध मग त्या झाडाला," आमचे हे म्हणाले. मुकादम जागचा हलला नाही. चार माणसं कोयते घेऊन पट्टीच्या तोंडाशी उभीच राहिली.

मी फोन केला होता, वनरक्षकीणबाई आली. तिनं ते रेकॉर्डिंग तीनदा बघितलं. तारीख, वेळ सगळं बरोबर होतं. जनावराचा केससुद्धा दिसत नव्हता. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर ती मुकादमाला एवढंच म्हणाली, "कोयते खाली ठेवा. आज पट्टीला कुणी हात लावायचा नाही. उत्तरेची बाजू मोकळी सोडा, सगळे मागं व्हा."

त्या संध्याकाळी आम्ही दार लावून घेतलं. ती बाई आणि पोर आमच्याकडंच होती. ती भिंतीला टेकून बसली, पोर मांडीवर. पडदा मी मुद्दाम बंद ठेवला होता. मला बघायचं नव्हतं आणि तिला दाखवायचं नव्हतं.

सकाळी वनरक्षकीणबाई आल्यावर लावला. दिवेलागणीच्या वेळचं होतं. आधी शेंडे हलले. मग उसाच्या कडेतून ती निघाली. मादी होती, लांबलचक, पोट खाली आलेलं. तिच्या मागं एक पिल्लू. ती सरळ उत्तरेकडं गेली नाही. आधी बांधावर चढली, कडुनिंबाखाली आली. झोळीची रिकामी दोरी लोंबत होती, तिला नाक लावलं. एकदा ह्या बाजूनं, एकदा त्या. पिल्लू खाली बसलं. किती वेळ ती तिथं उभी होती ते कोपऱ्यातल्या आकड्यांत दिसत होतं. मी ते वाचले नाहीत. मग दोघं उत्तरेला गेली, ओढा ओलांडून शेजाऱ्याच्या उसात.

ती बाई माझ्या पाठीशी उभी राहून बघत होती. पोर तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरलेली.

"आमची उद्याची तोड तितंच हाय," ती म्हणाली.

वनरक्षकीणबाईनं पिंजऱ्यासाठी लिहिलं. पिंजरा आला, त्यात कोंबडी ठेवली. कोंबडी तशीच राहिली. तोड कुणासाठी थांबत नाही. मी शेजाऱ्याकडं स्वतः जाऊन सांगून आले. तोडीच्या आधी फटाके वाजवा, एक बाजू मोकळी ठेवा, असं सगळं. चार दिवस पोर मी माझ्याकडं ठेवून घेतली. ती बाई लांबून चालत पाजायला यायची, मोकळ्या रानातून. आल्यावर आधी पोरीला चाचपून बघायची, मग माझ्याशी बोलायची. कॉम्प्युटरकडं तिनं परत मान वळवली नाही. मीही त्या चार दिवसांत तिच्यासमोर तो लावला नाही.

पाचव्या दिवशी कोप्या उठल्या. टोळी नदीपलीकडच्या गावाला निघाली होती. मी तिला म्हटलं, पोर पट्टीपासून लांब ठेव, ट्रॉलीत ठेव, पण झाडाला बांधू नको. ती म्हणाली, "ट्रॉली भरली का कुटं ठेवू आजी?"

 मी तिला माझा नंबर कागदावर लिहून दिला. तिनं तो पोरीच्या टोपड्यात खोचला.

हंगाम संपत आलाय. नदीपलीकडच्या गावात वाघ निघाला असं परवा केंद्रात कुणीतरी म्हणालं. मी विचारलं, कुणाच्या उसात? त्याला माहीत नव्हतं. तिनं मला एकदाही फोन केलेला नाही. आमचे हे म्हणतात, फोन न्हाई म्हंजे सगळं बरं हाय. मी रोज सकाळी रेकॉर्डिंग लावते आणि पहिल्यापासून बघते. आता आमच्या रानात ऊस नाही, नुसतं पाचट पडलंय. तरी एकही चौकट मी पुसलेली नाही.